खटक्याचा चाकू : तीन महिने वापरून केलेला रिव्ह्यू (आणि मामांनी केलेला पंचनामा)

सरळ सांगतो, हा चाकू मी शायनिंग मारायलाच घेतला होता. ट्रेकला लागतो वगैरे सगळं बायकोला सांगायला. रात्री साडेअकराला मोबाईलवर स्क्रोल करताना समोर आला, काळंकुट्ट पातं, मुठीला बटण, बटण दाबलं की खट्ट करून पातं बाहेर, व्हिडिओ चार वेळा बघितला आणि चौदाशे रुपये गेले. ब्रँडचं नाव देत नाही, दर दोन महिन्यांनी तोच चाकू वेगळ्या नावाने विकायला येतो हे नंतर कळलं.

हातात आल्यावर खरं सांगायचं तर मजा आली. वजन बरं, मूठ हातात बसते, आणि तो खट्ट आवाज! पहिल्या दिवशी मी टीव्ही बघता बघता पन्नास वेळा तरी उघडबंद केला असेन. यंत्रणा साधी असते, पातं मिटलं की आतली स्प्रिंग ताणलेली राहते, बटण म्हणजे तिची कडी, कडी सुटली की पातं स्वतःहून फिरून बाहेर येतं आणि तेच बटण मग पातं उघडं असताना लॉकचं काम करतं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बाजूला एक छोटी सरकपट्टी दिलीये, सेफ्टी म्हणून. सगळी भानगड तिथेच आहे.

पहिला ट्रेक राजगड. स्वारगेटहून गुंजवण्याला जाणाऱ्या एसटीत मी जरा लिंबू कापून सरबत करावं म्हणून चाकू काढला आणि खट्ट केलं, शेजारच्या मावशींनी पिशवी छातीशी धरली आणि उठून दोन सीट पुढे जाऊन बसल्या. कंडक्टरने पण वळून बघितलं. हातात लिंबू होतं हो माझ्या! पण बघणाऱ्याला लिंबू दिसत नाही. घरातली सुरी काढली असती तर त्याच मावशींनी मला दोन काकड्या कापायला दिल्या असत्या.

गडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम, कांदा कापला तर पात्याचं काळं कोटिंग कांद्याला लागलं. धार म्हणाल तर टोमॅटोचं साल चेपत होती. त्यात माती गेली की बटण चिकटतं, मग फुंकर मारा, आपटा, आणि नेमकं लागेल तेव्हा उघडत नाही. नको तेव्हा मात्र उघडतो. उतरताना चोर दरवाज्यापाशी सॅकच्या साइडच्या कप्प्यात काहीतरी खुपतंय वाटलं म्हणून बघितलं तर सेफ्टी सरकलेली, पातं पूर्ण उघडं आणि रेनकोटची बाही मनगटापासून कोपरापर्यंत फाटलेली. तो चाकू पँटच्या खिशात असता तर काय, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही.

पण रिव्ह्यू लिहायचं खरं कारण चाकू नाही, मामा आहेत. मामा पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झाले. रविवारी जेवायला गेलो तेव्हा कौतुकाने दाखवला. त्यांनी एकदा खट्ट केलं, चष्मा लावला, कंपासमधली पट्टी मागवली आणि मोजायला लागले. "लिहून घे. एक लोखंडी धारदार पातं असलेला खटक्याचा चाकू, काळ्या रंगाची मूठ, मुठीसह लांबी साडेवीस सेंटिमीटर, पात्याची लांबी आठ पॉइंट नऊ, रुंदी मध्यभागी दोन पॉइंट तीन. अंदाजे किंमत दोनशे रुपये."

मी म्हटलं मामा, चौदाशेला घेतलाय. म्हणे पंचनाम्यात दोनशेच लिहितात.

मग मी माझं इंटरनेटवरचं ज्ञान काढलं, की नऊ इंचापर्यंत चाकू लीगल असतो. हे वाक्य तुम्हीपण ऐकलं असेल, प्रत्येक चाकूच्या जाहिरातीखाली कोणीतरी लिहितोच. ते कुठून येतं तर २०१६ च्या शस्त्र नियमांमधून, तिथे पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, कुकरी वगैरे आणि ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामाची, शेतीची, उद्योगातली वगैरे सोडून. म्हणजे पुस्तकात आहे ते बरोबर. पण मामा म्हणाले ते अर्धंच आहे, आणि अर्धंच वाचून पोरं चौकीत येतात.

राहिलेलं अर्धं म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. पेपरात ती बातमी आपण न वाचता पान उलटतो ना, "शहरात मनाई आदेश लागू", तेच. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही असलं की पंधराएक दिवसांसाठी आदेश निघतो, संपला की बऱ्याचदा पुढचा. त्यात सोटे, तलवारी, भाले, लाठ्या, सुरे आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेऊ नये असं असतं. इंच कुठेही नाहीत. आदेश मोडला की कलम १३५. म्हणून तर बातमीत कायम तोच आकडा दिसतो, "आर्म अॅक्ट ४(२५) सह ३७(१)(१३५) प्रमाणे गुन्हा". आज आपल्या शहरात आदेश चालू आहे की नाही हे मला तरी कधी माहीत नसतं, तुम्हाला असतं का?

मी म्हटलं, मग स्वयंपाकघरातली सुरी? मामा म्हणाले सुरी भाजीच्या पिशवीत भाजीबरोबर असली तर सुरी, रात्री एक वाजता कमरेला असली तर हत्यार. आणि खटका कधीच भाजीबरोबर नसतो.

पुढचा विषय तर माझ्या अगदी मुळावरच आला कारण जूनमध्ये उत्तराखंडचा ट्रेक होता, पुण्याहून दिल्लीच्या निजामुद्दीनला ट्रेन, तिथून डेहराडूनची बस. दिल्लीत हत्यार कायद्याखालचं १९८० चं नोटिफिकेशन आहे, त्यात थेट बटणदार, गरारीदार (दातेरी चकतीवर उघडणारे) आणि कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू असं नाव घेऊन लिहिलंय, मोजमाप पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ किंवा जास्त. ७.६२ म्हणजे बरोब्बर तीन इंच. माझा ८.९ आणि २.३, दोन्हीकडे नापास. चाकू कशासाठी बाळगला होता, विकायला की कसा, यावर कोर्टात नंतर कीस पाडतात म्हणे, पण मला निजामुद्दीन स्टेशनवर कीस पाडून घ्यायचा नव्हता.

गंमत म्हणजे माझा चुलतभाऊ टेक्सासात राहतो, तिकडे असे चाकू २०१३ पासून खुशाल चालतात, साडेपाच इंचाच्या वर पातं असेल तर शाळा, बार वगैरे ठिकाणी बंदी एवढंच. तोच चाकू घेऊन तो कॅलिफोर्नियात गेला तर दोन इंच किंवा जास्त पात्याचा खटका खिशात चालत नाही. अमेरिकेच्या केंद्राचा खटक्यांवरचा कायदा १९५८ चा, आणि २००९ मध्ये त्यात पळवाट म्हणा की स्पष्टीकरण म्हणा आलं, की बोटाने पात्याला ढकलायला सुरुवात करावी लागते आणि मग स्प्रिंग मदत करते असा चाकू खटका धरायचा नाही. आपल्याकडचे विक्रेते तेच उचलून "असिस्टेड आहे, ऑटोमॅटिक नाही, टेन्शन नको" असं लिहितात. अरे पण दिल्लीच्या नोटिफिकेशनात "कुठल्याही यांत्रिक युक्तीने" आहे! तिथल्या पोलिसाला अमेरिकेतली दुरुस्ती कोण वाचून दाखवणार?

शेवटी मी व्हिक्टोरिनॉक्सचा हन्ट्समन घेतला, पैसे दुपटीच्या वर गेले. लाल मूठ, कात्री, करवत, डबा उघडायचं, वजन ९७ ग्रॅम. पातं नखाने ओढून काढावं लागतं, लॉक नाही, खट्ट नाही, शायनिंग शून्य. कांदा मात्र कापतो. करवतीने वाळकी फांदी दोन मिनिटांत पडली. ट्रेनमध्ये आंबा कापत होतो तर समोरच्या काकांनी मागून घेतला, त्यांचाही कापला, धुऊन परत दिला.

तर खटक्याला स्टार दोन. एक त्या आवाजाला, एक मुठीला. धार, कोटिंग आणि सेफ्टी यांना काही नाही. घेणारच असाल तर आधी पट्टीने पातं मोजा, आणि एसटीत लिंबू घरूनच कापून न्या.

चाकू सध्या मामांकडेच आहे, मामी त्याने दुधाची पिशवी कापते. टोमॅटोला चालत नाही पण पिशवीला चालतो. दर सकाळी खट्ट होतं आणि मामा आतून ओरडतात, "सेफ्टी लाव आधी!"