हीटर, खडेमीठ आणि वेगळा टब : व्हाइट स्पॉटशी नऊ महिने

मागच्या डिसेंबरात घेतलेल्या १०० वॅटच्या हीटरला आता नऊ महिने झाले. हा हीटर, किराणा दुकानातलं खडेमीठ, काचेचा थर्मामीटर आणि नव्या माशांसाठी वेगळा टब, एवढ्यावर मी टाकीतल्या माशांचा व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) दोनदा आटोक्यात आणला. त्याआधी बाटलीतल्या औषधावर विसंबून चार मासे गमावले होते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही नाशिकला राहतो. टाकी दोन बाय एक बाय एक फूट, वाळू-दगड वजा जाता पाणी साधारण ४५ लिटर. सहा विडो टेट्रा, चार मॉली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणलेले दोन क्लाऊन लोच. (क्लाऊन लोच फुटभर वाढतो, दोन फुटी टाकीत ठेवायचा मासाच नाही तो. हे मला घरी आणल्यावर समजलं. वाचलेला लोच आता मोठी टाकी असलेल्या मित्राकडे आहे.) नाशिकची थंडी सुरू झालेली, टाकीचं पाणी पहाटे २० अंशांवर येत होतं. चौथ्या दिवशी एका लोचच्या शेपटीवर पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. सहाव्या दिवशी अंगावर रवा भुरभुरल्यासारखं झालं. मॉली दगडाला अंग घासायला लागल्या.

दुकानदारांनी औषधाची छोटी बाटली दिली. म्हणाले, तीन दिवस थेंब टाका, ठिपके गेले की बंद करा. ठिपके खरंच गेले. मी पाणी बदललं, औषध थांबवलं. आठ दिवसांनी ठिपके परतले ते तिप्पट होऊन, आणि या वेळी टेट्राही सुटले नाहीत. एका रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर लोच कोपऱ्यात आडवा पडलेला, कल्ले भराभर उघडझाप करत होते. सकाळपर्यंत तो गेला. त्या आठवड्यात तीन टेट्राही गेले.

माझा एक मित्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तिसरा टेट्रा मेल्याबरोबर पिशवीतल्या पाण्यात घालून मी त्याच्याकडे नेला. त्याने कातडीवरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एक करडा गोल जीव संथपणे स्वतःभोवती फिरत होता, अंगभर बारीक केस थरथरत होते आणि पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक स्पष्ट दिसत होतं. नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, मासे पाळणारे त्याला नुसतं 'इक' म्हणतात. माझं कुठे चुकलं ते त्या दिवशी कळलं.

ठिपका म्हणजे कातडीच्या पापुद्र्याखाली बसून खाणारा परजीवी. तिथे त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूवर किंवा पानावर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्लं तयार होतात. त्या कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडून पोहत मासा शोधतात, तेवढ्याच काळात औषध किंवा मीठ त्यांना मारू शकतं. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती आपोआप मरतात. म्हणजे अंगावरचे ठिपके गेले तेव्हा रोग माशावरून उतरून वाळूत गेला होता, आणि मी नेमकं त्याच वेळी औषध बंद केलं. त्यात पाणी गार. २५ अंशांवर हे सगळं चक्र आठवड्याच्या आत फिरतं, १० अंशांच्या पाण्यात महिन्याहून जास्त लागतो. माझ्या गार पाण्यात तीन दिवसांचं औषध पुरणारच नव्हतं. शिवाय फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी तशीच होती. कार्बन औषध शोषून घेतो, ती पिशवी काढा असं मला कुणी सांगितलं नाही.

आता हीटरबद्दल. आधी ५० वॅटचा आणला होता, कारण 'लिटरला एक वॅट' हा ठोकताळा ऐकलेला. गारठ्याच्या खोलीत तो रात्री २६ अंशांच्या वर जाईना. १०० वॅटचा घेतला, टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावलं, वरचं झाकण बंद ठेवलं, तेव्हा कुठे ३० अंश मिळाले. या तापमानाला परजीवीची वाढ सहसा थांबते. २० वरून ३० वर यायला मी दोन दिवस घेतले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो (२५ अंशांवर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० वर ७.६) आणि माशांचे कल्ले आधीच पोखरलेले असतात, म्हणून एअर पंप चोवीस तास चालू. हे करायचं नसेल तर तापमान वाढवूच नका.

मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून, टाकीतल्याच पाण्यात विरघळवून, दीड दिवसात तीन हप्त्यांत टाकलं. मॉलींना दुप्पट मीठही चालतं, पण लोचसाठी मी हात आखडता ठेवला. एक गोष्ट नीट लक्षात घ्या : मिठाची वाफ होत नाही. पाणी आटलं तर साधंच पाणी घालायचं. बदललेल्या पाण्याबरोबर जेवढं मीठ गेलं, तेवढंच परत घालायचं. टाकीतल्या पाणवनस्पतींपैकी व्हॅलिस्नेरियाची पानं मिठाने विरघळली, जावा फर्न आणि अनुबियास मात्र ठणठणीत राहिले.

दर एक दिवसाआड वाळू सायफनने ओढून पाव पाणी बदलत होतो, कारण कवचं तिथेच असतात. पाचव्या दिवशी ठिपके गेले. मुलगी म्हणाली, "बाबा, आता बंद करूया ना, त्यांना किती गरम होत असेल." तिला सूक्ष्मदर्शकातला फोटो पुन्हा दाखवला. शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढे पूर्ण दहा दिवस ३० अंश कायम ठेवले, मग रोज एक-एक अंश उतरवलं. राहिलेला लोच, तीन टेट्रा आणि चारही मॉली वाचले. हीटर दिवसातला निम्मा वेळ पेटत होता, रोज सव्वा युनिटच्या आसपास वीज गेली.

नऊ महिन्यांत हीटरच्या तक्रारीही आहेत. डायलवर ३० लावलं की पाणी साडेअठ्ठावीस असतं, म्हणून डायलवर भरवसा नाही, थर्मामीटर हवाच. पाचव्या महिन्यात रबरी चकत्या कडक झाल्या आणि हीटर वाळूवर निसटला, नव्या चकत्या घ्याव्या लागल्या. आमचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळीवर पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने निघतो. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी प्लग काढायचाच. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते, आणि ओल्या हाताने चालू हीटरला हात लावणं जिवावर बेतू शकतं. एप्रिल-मेमध्ये हीटर बंद होता, टाकी आपसूक ३१ अंशांवर जात होती.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो मात्र टब. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर. हा स्पंज मी आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवला होता, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात मुरलेले असतात. नवे मासे चार आठवडे तिथेच. जाळी, पाइप, बादली वेगळी, कारण ओल्या जाळीतूनही इक पसरतो. मार्चमध्ये आणलेल्या सहा टेट्रांपैकी दोघांना पाचव्या दिवशी ठिपके आले. हीटर टबात टाकला, २० ग्रॅम मीठ, तेच वेळापत्रक. सहाही वाचले आणि मोठ्या टाकीत एकही ठिपका आला नाही.

उपचाराआधी रोग ओळखा. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात पांढरे ठिपके येतात, ते नैसर्गिक आहेत. सोनेरी धूळ उडाल्यासारखं दिसलं तर तो वेल्व्हेट, दुसरा परजीवी. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं असेल तर ते बहुधा जिवाणूंचं काम, त्यात पाणी तापवलं तर रोग भडकतो. उलट इक नुसता कल्ल्यांत असेल तर अंगावर एकही ठिपका नसतो, मासा फक्त वर येऊन धापा टाकतो. औषध घ्यावंच लागलं तर बाटलीवरचे घटक वाचा. तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात, मॅलाकाइट ग्रीन लोचसारख्या माशांना सोसत नाही आणि ते हाताळताना हातमोजे हवेतच.

सध्या टबात पाच नवे कोरिडोरस मासे आहेत, आज अकरावा दिवस. यांना मीठ फारसं मानवत नाही, म्हणून अजून टाकलेलं नाही. पाणी २७ अंश, हीटर बाजूला धुऊन ठेवलाय. रोज रात्री मुलगी बॅटरी घेऊन पाचही जणांच्या शेपट्या तपासते आणि वहीत लिहिते. कालच्या नोंदीत पाचही नावांपुढे शून्य आहे.