इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: एका नर्सचा अनुभव

आयसीयूत काम करणाऱ्या माणसाचे कान घरी आल्यावरही ड्यूटीवरच असतात. डोकं शांत होत नव्हतं म्हणून मी इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. ‘जरा आराम करून येऊ’ असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधे साधारण दहा तास साधना. मोबाइल, पुस्तक, वही काही जवळ ठेवायचं नाही. दहाव्या दिवसापर्यंत मौन, खाणाखुणासुद्धा नाहीत. जेवण साधं, शाकाहारी, सकाळी अकराला. संध्याकाळी पाचला चहा आणि थोडंसं खाणं, रात्री जेवण नाही.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. श्वास पाहायचा, मोजायचा नाही, लांबवायचा नाही, त्याला नामजप जोडायचा नाही. पेशंटच्या छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजून चार्टवर आकडा लिहिणं हे माझं रोजचं काम. पण नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेत आत येणारी हवा गार आणि बाहेर पडणारी कोमट लागते, हे मी पहिल्यांदा इथे अनुभवलं.

चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना काहीही प्रतिक्रिया न देता पाहत राहणं, शिकवतात आणि मग अधिष्ठान सुरू होतं: दिवसातून तीन वेळा, तासभर, हातपाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं. माझ्या उजव्या गुडघ्यातली कळ मांडीपर्यंत चढली. तिच्याकडे बघत राहिले तेव्हा कळलं की ती अखंड नाहीच. एक ठणका, थोडी धग, मधे काहीच नाही, पुन्हा ठणका. माझ्यासाठी अख्ख्या शिबिराची किंमत त्या एका तासात वसूल झाली.

खरं तर किंमत कसली, फी नाहीच. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं. सत्यनारायण गोयंका म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही विद्या शिकून 1969 मध्ये भारतात आले, तेव्हापासूनची ही पद्धत. ते 2013 मध्ये वारले. रोज संध्याकाळची प्रवचनं त्यांच्याच आवाजात ऐकवतात. मला ती फार आवडली.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. शिफ्टच्या नोकरीत दोन्ही जमत नाहीत, सकाळचा तास मी सोडत नाही. शिवाय प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हँडरबने वीस-तीस सेकंद हात चोळावे लागतातच. तेवढा वेळ श्वासावर असते. चार नंबरच्या बेडची धास्ती पाच नंबरला घेऊन जात नाही. बारा तासांच्या ड्यूटीत मला मिळणारी विश्रांती ती हीच, आणि ती पुरते.

मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला. खाली बसणं होत नसेल तर खुर्ची मागा, संकोच नको. मुंबईहून जाताना कसारा लोकलच्या भरवशावर राहू नका. इगतपुरी घाटाच्या वर आहे, लांब पल्ल्याची गाडी धरा. पावसाळ्यात तिथे कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त न्या.