डायलिसिसच्या खुर्चीशेजारी वाचलेली दोन पुस्तकं

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. तेवढा वेळ मी तिला वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर दोनदा झाली. 1895 मध्ये नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाई कित्येक वर्षं त्याच्यापासून दूर राहिल्या, दुःखानं पार खचल्या. तरी लिहिताना कुणाबद्दल कडवटपणा नाही. सोवळ्यापायी त्यांचे वडील मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, हे ऐकून आई इतकी हसली की हात हलला आणि मशीनचा अलार्म वाजला. धावत आलेल्या नर्सलाही मग तेवढं पान वाचून दाखवलं. संक्षिप्त आवृत्ती नको, पूर्ण पुस्तकच मागा.

दुसरं, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, एका दलित बाईचं आत्मकथन. फलटणच्या या बाईंनी किराणा दुकान सांभाळत लिहिलं आणि वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. आकारानं लहान आहे, पण एका बैठकीत संपवायला जाऊ नका, फार जड जातं. बाळंतिणीच्या भुकेबद्दल वाचताना माझा आवाजच फुटेना. आई डोळे मिटूनच म्हणाली, “थांबू नकोस गं, वाच.”