पडझडीसाठी रोख राखावी की मासिक हप्ता चालू ठेवावा?

बाजार उतरू लागला की बेळगाव परिसरातील गुंतवणूकदारांत दोन तट दिसतात: रोख हाताशी ठेवून तळाची वाट पाहणारे, आणि बाजार कुठेही असो, एसआयपीचा (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा) हप्ता न चुकता भरणारे. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे आणि आता हप्त्याकडे स्थिरावलो आहे; तरीही पहिली बाजू दुबळी आहे, असे मी म्हणणार नाही.

रोख राखणाऱ्यांच्या बाजूने २००८ साल उभे राहते. जानेवारीत २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर ८,००० च्याही खाली आला होता आणि जुनी पातळी पुन्हा दिसायला २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. त्या काळात ज्याच्यापाशी पैसा होता, त्याला टप्प्याटप्प्याने खरेदी करायला भरपूर सवड मिळाली. २०२० ने ती दिली नाही: २३ मार्चला निफ्टी (सेन्सेक्ससारखाच दुसरा शेअर निर्देशांक) ७,६१० वर बंद झाला आणि नोव्हेंबरात त्याने जानेवारीचा उच्चांक ओलांडलाही.

माझा कल ठरला तो मात्र या आकड्यांनी नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटे मशीन शॉप चालवताना मला वारंवार जाणवले, की बाजार मोठ्या प्रमाणात पडतो तेव्हा ऑर्डरीही रोडावतात आणि गिऱ्हाइकांकडची बिले लांबतात. टाळेबंदीत, शेअर स्वस्त झाल्यावर घेण्यासाठी म्हणून बाजूला काढलेली रक्कम कामगारांच्या पगाराला गेली, आणि ती तशी जाणेच योग्य होते. शिवाय खात्यात पडून असलेला पैसा घरच्यांनाही ठाऊक असतो. चिकोडीकडे उसाचे बिल अडकले की गावाहून फोन येतो, आणि पैसे असताना आपल्या माणसाला नाही म्हणणे जमत नाही. भाव खरोखर उतरलेले असतात, नेमके तेव्हाच राखलेली रोख दुसऱ्या कामी लागलेली असते, ही अडचण मला सर्वांत जास्त खुपली. हप्ता लहान असल्याने तो त्याही महिन्यांत निभावला, आणि उतरलेल्या भावात त्याच रकमेला फंडाचे जास्त युनिट (हिस्से) मिळाले.

ज्यांचे उत्पन्न निवृत्तिवेतनासारखे ठरलेले आहे आणि ज्यांच्यावर धंद्याचा भार नाही, त्यांना रोख राखणे कदाचित अधिक मानवेल. त्यांनी किती टक्के घसरणीला किती रक्कम घालायची, हे बाजार शांत असतानाच लिहून ठेवावे. पडझड सुरू झाल्यावर "अजून पडेल" हा विचार हात धरून ठेवतो.

माझ्यासारख्या धंदेवाल्याने मात्र आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि पगार मुदत ठेवीत वेगळा काढावा, व ती ठेव बाजारासाठी कधीही मोडू नये. त्यापलीकडे एखादी मोठी रक्कम हाती आलीच, तर ती लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या, कमी जोखमीच्या फंडात) ठेवून एसटीपीने, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी एका फंडातून दुसऱ्यात रक्कम हलवण्याच्या सोयीने, काही महिन्यांत इक्विटी (शेअरच्या) फंडाकडे वळवावी.