धनेश बघायचाय? मग आधी कुठला ते ठरवा

हातात शनिवार-रविवार आहे, धनेश पक्षी (हॉर्नबिल) बघायचाय, आंबोली गाठू की पुण्यातच शोधू? असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठला धनेश?

राखी धनेशासाठी गाडी काढायची गरजच नाही. वड, पिंपळ, उंबर पिकले की तो जुन्या बंगल्यांच्या आवारातसुद्धा हजर. चंडीगडने तर त्याला राज्यपक्षी केलंय. मूळचा पानगळीच्या मोकळ्या रानातला, त्यामुळे उघड्यावर बसायला लाजत नाही. निवांत बघता येतो.

मलबार राखी धनेश मात्र पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. आंबोली, मोले, दांडेली अशा दाट, ओल्या जंगलातच जावं लागतं. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत तो आता ‘असुरक्षित’ गटात आहे.

ओळखायचं कसं? चोचीच्या वर बघा. राखीच्या काळपट चोचीवर पुढे टोक आलेलं छोटं शिंग असतं. मलबारला शिंग नाहीच. नराची चोच नारिंगी, टोकाला पिवळी, आणि डोळ्यावर रुंद पांढुरकी भुवई. आकाराने तो लहान, जेमतेम दीड फूट. राखीची शेपूट लांब, मधली पिसं सगळ्यांत लांब, टोकाच्या पांढऱ्या रंगाआधी काळा पट्टा.

हे सगळं पुस्तकात ठीक. आंबोलीच्या धुक्यात उंच फांदीवरचा पक्षी नुसता करडा ठिपका दिसतो, शिंग कुठलं आणि भुवई कुठली! तिथे कानावर भिस्त. राखी घारीसारखं किंचाळतो. मलबार हसतो, तेही वेड लागल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढच्या वळणावर कुणी पिऊन पडलंय असंच मला वाटलं होतं.

घरट्याची तऱ्हा दोघांची एकच: मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, नर उरलेल्या फटीतून भरवतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बहुधा एकटा नरच भेटेल. ढोली सापडली तर कॅमेरा घेऊन खाली ठाण मांडू नका. माणूस दिसला की नर चोचीतलं उंबर घेऊन लांबच थांबतो आणि आतले उपाशी राहतात.

आयुष्यात एकही धनेश पाहिला नसेल तर आधी राखीच बघा. उडण्याची पद्धत, दोन-चार पंख मारून तरंगत जाणं, फळ वर उडवून गिळणं एकदा डोळ्यांत बसलं की मग आंबोली. सकाळी सहाला चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि हसू ऐकू येईपर्यंत गप्पा मारायच्या नाहीत.