लॅपटॉपवर ट्रॅक बनवायचा की हार्डवेअर सिंथवर, म्हणजे नॉब-बटणं असलेल्या खऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर?

लॅपटॉपवर सगळं मिळतं हे खरंच, २००१ मध्ये एबलटन लाइव्ह हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून तर लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) वाजत असतानाच टेम्पो बदला, कापा, उलटा करा, आणि नाही आवडलं तर अनडू आहेच. पण तिथंच घोडं अडतं. अनडू आहे म्हटल्यावर माणूस काही ठरवतच नाही, लेयरवर लेयर चढत जातात आणि गाणं आठ बारच्या (तालाच्या आवर्तनांच्या) पुढे सरकत नाही, शिवाय समोर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, दिसत असतो त्यामुळे कानापेक्षा डोळेच जास्त काम करतात.

हार्डवेअरचं उलटं. १९७० चा मिनीमूग सिंथ घ्या, त्यात साउंड सेव्ह करायची सोयच नव्हती, सापडला तो आवाज तेव्हाच रेकॉर्ड करायचा. आणि रोलंड कंपनीचा टीबी-३०३ सिंथ! बास गिटारच्या जागी वाजवायला काढला होता, तसा काही वाजला नाही, म्हणून त्याचं उत्पादनही बंद पडलं, मग शिकागोत लोकांनी सेकंडहँड घेऊन सिक्वेन्स (आधी भरून ठेवलेली सुरांची ओळ) चालू ठेवून कटऑफ आणि रेझोनन्सचे, म्हणजे आवाज गाळणाऱ्या फिल्टरचे, नॉब फिरवले आणि त्यातून अ‍ॅसिड हाऊस हा डान्स संगीताचा प्रकार उभा राहिला. नुसत्या माउसनं एका वेळी एकच नॉब फिरतो हो, दोन्ही हातांनी दोन फिरवले की फिल्टर वेगळंच बोलतो.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, मात्र लॅपटॉपच, वादच नाही.

ऐकताना फरक कळतो का? जुन्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटरची (सिंथमधल्या सूर तयार करणाऱ्या भागाची) पिच किंचित सरकत असते, हेडफोन लावून एखादा लांब सूर ऐका, मला तरी ते जिवंत वाटतं. नवीन असाल आणि फार पैसे घालायचे नसतील तर एकच फ्री सिंथ प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये चालणारा सिंथ) आणि नॉबवाला छोटा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपमधला सिंथ हातानं चालवायचं यंत्र) घ्या, आणि वाजवताना स्क्रीन बंद ठेवा.