'अकिरा'ची फोर-के डिस्क घ्यावी का?

स्ट्रीमिंगवर किंवा जुन्या डीव्हीडीवर 'अकिरा' पाहून झालाय आणि तो पुन्हा पाहायचाय, तर फोर-के डिस्क जरूर घ्या. फक्त टीव्ही दुकानातून आला तसाच ठेवून ती लावू नका, निम्मे पैसे वाया जातील.

दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोचा हा 1988 चा जपानी ॲनिमेशन सिनेमा 124 मिनिटांचा आहे. दीड लाखाहून जास्त सेल (हाताने रंगवलेली पारदर्शक चित्रं) आणि 327 रंगछटा, त्यातल्या 50 खास याच्यासाठी बनवलेल्या. गोष्ट 2019 च्या निओ-टोकियोत बरीचशी रात्री घडते, आणि हा काळोख नुसता काळा नाही. त्यात निळा, हिरवा, जांभळा मिसळलाय. स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण 15 ते 25 मेगाबिट माहिती मिळते. तेवढ्यात फिल्मचे दाणे पुसट होतात आणि आकाशात रंगांचे पट्टे दिसतात. फोर-के डिस्क 100 मेगाबिटच्याही वर जाऊ शकते. 35 मिमी फिल्मवरून नव्याने केलेल्या 2020 च्या प्रतीत (रीमास्टर) बाइकच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा काळोखातून कशा उठून दिसतात, ते एकदा पाहाच.

आता टीव्ही. मोशन स्मूथिंग पूर्ण बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा आहे आणि एकच चित्र अनेकदा दोन फ्रेम धरलेलं असतं. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवायला गेला की धावणाऱ्या माणसाच्या कडा वितळल्यासारख्या होतात. शार्पनेस अगदी कमी ठेवा, नाहीतर शाईच्या रेषेभोवती पांढरी किनार येते. नॉइज रिडक्शनही बंद. एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारी सोय) लागतच नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा डीप कलर किंवा एन्हान्स्ड पर्याय चालू आहे का ते बघा. घोळ बहुतेक तिथेच असतो.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या हॉलमध्ये सोफा समोरच्या भिंतीला, म्हणजे अकरा-बारा फुटांवर असतो. 55 इंची टीव्हीला हे अंतर फार झालं. खुर्च्या सात फुटांवर ओढा. दुपारी खिडकीचा उजेड काचेवर पडला की काळोखातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे साडेसातला पडदे ओढून सुरू करा. रात्री दहाच्या आत संपतो, आवाज दाबावा लागत नाही.

आवाजाच्या बाबतीत आम्ही हट्टीच आहोत. गेइनो यामाशिरोगुमी या जपानी समूहाचं संगीत म्हणजे बालीचं गामेलान (धातूच्या तालवाद्यांचा वृंद), बांबूची वाद्यं आणि जपानच्या पारंपरिक 'नो' नाट्यातलं गायन. डिस्कवर जपानी ट्रॅक 192 किलोहर्ट्झच्या डॉल्बी ट्रूएचडीत, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये आहे. ऑप्टिकल केबल किंवा साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारकडे नेणारी सोय) तो नेऊच शकत नाही. प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) एचडीएमआयने जोडा, किंवा टीव्ही आणि साउंडबार दोन्हींना ई-एआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती हवी. नाइट मोड लावू नका. त्यात कुजबुज आणि स्फोट एकाच पातळीवर येतात. सबवूफरखाली जाड रबरी मॅट टाका, खालच्या मजल्यावर धमक कमी जाते.

आणि भाषा जपानीच ठेवा. इथे संवाद आधी रेकॉर्ड करून त्यावर ओठ काढलेत, त्या काळच्या जपानी ॲनिमेशनमध्ये हे क्वचित व्हायचं. इंग्रजी डबमध्ये ती सगळी मेहनत बुडते.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा. फोर-के डिस्कला रीजन (जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन) नसतो, पण त्याच पेटीतल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. आपला रीजन सी. अमेरिका-जपान ए, ब्रिटन बी. त्यामुळे जोडीची ब्लू-रे इथल्या प्लेअरवर चालेल असं धरून चालू नका. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटीची चौकशी आधीच करा.

याच्या जोडीला मामोरू ओशीचा 'घोस्ट इन द शेल' घेणार असाल तर 1995 चा मूळ सिनेमाच घ्या. 2008 मध्ये '2.0' नावाची आवृत्ती आली. तिच्यात सुरुवातीच्या प्रसंगासह बरीच दृश्यं संगणकावर नव्याने केलीत आणि मूळचा हिरवा रंग जाऊन नारिंगी आलाय. पैसे देण्याआधी कव्हर नीट वाचा.